नऊ मिलिमीटरची पेन्सिल

हॅलेट, मॉन्टॅना
९ मार्च

प्रिय डेल,

अनेक आशीर्वाद. तुम्ही दोघं तिकडे खुशाल असाल. कॅरलीनची सर्दी ॲरिझोनाच्या उन्हात पळाली असेलच. तिला म्हणावं, इथे अजून रोज सकाळी टाकीवरचा बर्फ कुऱ्हाडीनं फोडावा लागतो, तेव्हा परतायची घाई करू नका. मेंढ्या ठीक आहेत. नऊ व्याल्या, तेरा कोकरं झाली, एक दगावलं. चारा एप्रिलपर्यंत पुरेल असं वाटतंय. माझा गुडघा आहे तसाच.

तू फोनवर तीनदा विचारलंस, "ताई, तुझा आवाज असा का येतोय?" मी म्हटलं, फोन बिघडलाय. फोन चांगला आहे. तू बोलायला लागलास की मी विरघळते, आणि या वेळी मला विरघळायचं नाही, म्हणून लिहायला बसले. आणि बँजोचं पुन्हा पुन्हा विचारत जाऊ नकोस. तुझा कुत्रा कसा गेला ते जानेवारीत कळवलं होतं, तेवढं पुरे.

येत्या शनिवारी क्लबात बायकांचा नेमबाजीचा नवा वर्ग सुरू होतोय. सहा जणींनी नावं दिली आहेत. तो वर्ग मी घ्यायचा का, आणि मुळात मी कमरेला पिस्तूल लावायचं का, हे मला त्याआधी ठरवायचंय. त्याच्याशी तुझा संबंध आहे. कसा, ते क्रमानं सांगते, नाहीतर माझा तोल जाईल.

बाबांचं पिस्तूल बदलायचं मी जानेवारीत ठरवलं. तुम्ही नोव्हेंबरात पहिल्यांदाच तिकडे गेलात आणि त्याच्या पुढच्याच गुरुवारी क्लबात मला शंभरात अठ्ठावन्न गुण पडले. त्याच्या पुढच्या गुरुवारी एकसष्ट. जिथे ब्याण्णव, चौऱ्याण्णव पडायचे तिथे! मी चिलीच्या झणझणीत रश्श्याची वाटी घेऊन कोपऱ्यात बसले, दालचिनीचा रोलसुद्धा तसाच ठेवला. जो तो सांगायला लागला, "पिस्तूल म्हातारं झालंय, लॉर्ना. स्प्रिंग गेली असणार." मलाही ते पटलं. शिवाय थंडीत बोटं आखडतात, बाबांच्या त्या लोखंडी धुडाची वरची सरकती स्लाइड मागे ओढताना तोंडातून शिव्या निघतात. आणखी एक कारण होतं, पण ते आत्ता नको.

तर गेले ऑगीच्या दुकानात. ऑगी अजून तसाच आहे, कानात यंत्र आणि तेही बंद. मी म्हटलं, लहान, हलकं, कमरेला बोचणार नाही असं दाखव. त्यानं काउंटरवर एवढंसं काहीतरी ठेवलं.

"हे घे. बायकांचं आवडतं."

"ऑगी, हे पिस्तूल आहे की किल्ल्यांची साखळी?"

"मूर्ती लहान पण कीर्ती महान, बाई. झाडून तर बघ!"

मागच्या खोलीत तीन गोळ्या झाडल्या. मनगटापासून खांद्यापर्यंत मुंग्या आल्या. जेवढं लहान तेवढं माजुरडं असतं, हे बाबा सांगायचे ते खोटं नाही. दुसऱ्या पिस्तुलाच्या मुठीवर माझी करंगळी मावेना, ती बाहेर लोंबत राहिली. तिसऱ्याचा चाप इतका जड की ओढता ओढता नेम टेकडीपलीकडे जावा. ऑगी म्हणाला, "तू नवरा निवडताना एवढी चिकित्सा केली नव्हतीस." मी म्हटलं, "नवऱ्याला कमरेला लावायचं नव्हतं." दोघंही हसलो. रॉयला जाऊन तीन वर्षं झाली, आता त्याच्यावरून हसता येतं.

चौथं हातात घेतलं आणि स्लाइड लोण्यासारखी मागे आली. करंगळीसकट सगळी बोटं मुठीवर बसली. पुढच्या टोकावरचा, नेम धरायचा ठिपका चांगला नारिंगी होता. बाबांच्या पिस्तुलावरचा ठिपका मला धूसर दिसायचा, त्याचा रंग उडालाय अशी माझी समजूत होती. हाही जरा धूसरच दिसला. मी म्हटलं, दुकानातला उजेडच कमी आहे. घेऊन टाकलं.

आपल्याकडची रीत तुला काय सांगायची. दोनशे गोळ्या न अडकता सुटल्याशिवाय नवं पिस्तूल कमरेला लागत नाही, आणि एकशे नव्व्याण्णवावी अडकली तरी पुन्हा एकपासून. मागच्या सोमवारी सकाळी क्लबात कुणी नसताना परीक्षा घेतली. मोजायला मार्लिस होती. बाई शाळेची बस चालवते आणि क्लबाची चिटणीसही आहे, तेव्हा मोजण्यात चुकणार नाही. ऑगी थर्मास घेऊन आला होता, तमाशा बघायला. बाबांचं पिस्तूलही मी बरोबर नेलं होतं. ते ऑगीला परत विकायला देणार होते.

एकशे नव्वद गोळ्या मोठ्या कागदावर झाडल्या. तिथे नेमाचं काही नव्हतं, फक्त पिस्तूल अडकतं का ते बघायचं होतं. पायाशी पुंगळ्यांचा सडा पडला. एकही गोळी अडकली नाही. मार्लिस पोरीसारख्या टाळ्या वाजवत होती. शेवटच्या दहा गुरुवारच्या टार्गेटवर, पंधरा पावलांवरून, सावकाश. त्याही सुटल्या. दोनशे पूर्ण झाल्या! मी कानावरची आवरणं काढली आणि म्हटलं, "आता बघा चौऱ्याण्णव."

मार्लिसनं कागद आणला आणि माझ्या हातात द्यायच्या आधी स्वतःच बराच वेळ बघत राहिली. मधल्या काळ्या गोलात तीन भोकं. पाच इकडेतिकडे कडेला. दोन गोळ्या तर कागदालाच लागल्या नव्हत्या.

"ठिपका सरकलेला असणार," मी म्हटलं.

ऑगीनं पिस्तूल घेतलं आणि पाच गोळ्या झाडल्या. पाचही अशा जवळजवळ की लोणच्याच्या बरणीच्या झाकणाखाली झाकाव्यात. मग त्यानं बाबांचं पिस्तूल उचललं आणि त्यातूनही पाच झाडल्या. तसंच झाकण, तशीच पाच भोकं. ज्या पिस्तुलाला मी हिवाळाभर शिव्या घातल्या त्यात काडीचा दोष नव्हता.

"पण डेल असताना मला ब्याण्णव, चौऱ्याण्णव पडायचे," मी म्हटलं. "नोव्हेंबरापर्यंत पडत होते!"

"हो ना. डेल असताना," मार्लिस म्हणाली.

"म्हणजे?"

"लॉर्ना, जाऊ दे ना."

"जाऊ कसं दे? तोंडातलं तोंडात ठेवू नकोस. बोल."

"अगं, तुझा कागद कोण आणायचं? मोजायचं कोण?"

"माझा गुडघा दुखतो म्हणून डेलच—"

"आणि आम्ही सगळे कशावर हसायचो? डेलच्या खिशातल्या नऊ मिलिमीटरच्या पेन्सिलीवर."

"ती थट्टा होती!"

"थट्टाच होती. आम्हाला वाटायचं, तुला ठाऊक आहे आणि तूही आमच्याबरोबर हसतेयस."

ऑगी कानातलं यंत्र काढून पुसत बसला.

ही थट्टा प्रत्येक क्लबात असते, डेल, आजोबांच्या वेळेपासून. मोजणाऱ्यानं कागदात पेन्सिल खुपसायची, नऊ मिलिमीटरच्या गोळीएवढं भोक पाडायचं आणि दहा गुण द्यायचे. आपल्या क्लबात कुणी असं खरंच करील हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्या थट्टेला सगळ्यांत मोठ्यानं मीच हसायचे, आठवतं ना? तू समोर बसून चिली खात असायचास आणि मान खाली घालून हसायचास. अख्ख्या हॅलेटला माहीत, एकट्या लॉर्नाला नाही.

घरी आले आणि कोट न काढता तशीच शेडमध्ये गेले. नव्वदच्या वरचे सगळे कागद मी तिथे भिंतीला टाचून ठेवले होते, बाकीचे खोक्यात. एकेक काढून खिडकीच्या उजेडात धरला. गोळी कागदातून जाते तेव्हा नळीतली काजळी भोकाच्या कडेला पुसली जाते आणि करडं कडं उमटतं. पेन्सिलीला ते कडं नसतं. माझ्या दहाच्या गोलात स्वच्छ, बिनकाजळीची भोकं होती, आणि मागच्या बाजूला कागद पाकळ्यांसारखा फाटलेला. एका कागदावर चार, एकावर सहा. चाळीस वर्षं मी नेमबाजी करतेय, कडं कसं असतं ते मी दुसऱ्यांना शिकवते. पण आपल्या माणसानं मोजलेला कागद कोण उजेडात धरून बघतं?

प्रत्येक कागदावर तुझ्या अक्षरात तारीख आहे. पहिला खोटा कागद मला सापडला. रॉयला पुरून तेव्हा अकरा दिवस झाले होते. मी नको नको म्हणत असताना तू मला हाताला धरून क्लबात नेलं होतंस. त्या दिवशी माझे डोळे इतके सुजले होते की मला समोरची भिंतसुद्धा नीट दिसत नव्हती, आणि तू ओरडत आलास, "ताई, एकोणनव्वद!" मी त्या रात्री कित्येक दिवसांत पहिल्यांदा झोपले.

त्या एका कागदाबद्दल माझं काही म्हणणं नाही. पडलेल्या माणसाला हात देतातच. पण तीन वर्षं, डेल? मी उठून चालायला लागले होते. मग तू कुणाला हात देत होतास? तुला ते सोपं पडत होतं म्हणून चालू ठेवलंस, असं मला वाटतं. बहीण खूश, तू मोकळा. मला हे लिहिताना इतका राग येतोय की दोनदा पेन टेकवून उठून आले.

आणि त्या कागदांच्या जोरावर मी वर्ग घ्यायला लागले. मार्लिसनं विचारलं तेव्हा मी तुझ्याकडे बघितलं होतं, तू म्हणालास, "घे की, तुझ्याएवढा नेम इथे कुणाचा आहे?" तीन वर्षांत एकतीस बायका माझ्या हाताखालून गेल्या. प्रत्येकीला पहिल्या दिवशी सांगायचे, "बायांनो, माणूस खोटं बोलेल, टार्गेटचा कागद खोटं बोलत नाही." एकतीस वेळा.

शुक्रवारी शहरात जाऊन डोळे तपासून घेतले. डॉक्टरीणबाई तुझ्या मुलीच्या वयाची, पण स्पष्ट बोलते. उजव्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय म्हणाली, नेमका ज्यानं नेम धरतात तो. "गेलेलं परत येणार नाही. दोन वर्षं आधी आला असतात तर बरंच वाचवता आलं असतं. नेमबाजी करता ना? मग गुण घसरले तेव्हा लक्षात नाही आलं?" मी म्हटलं, नाही आलं. तिला आणखी काय सांगणार?

आता थांबते. मेंढ्यांना चारा टाकायचाय.

१० मार्च

काल पत्र इथेच संपवून पाकीट बंद करणार होते. तुला दोष दिला, मन मोकळं झालं, असं म्हणून. पण सकाळपासून ते पाकीट टेबलावर पडलंय आणि मी त्याच्याभोवती फिरतेय. पिस्तूल बदलायचं आणखी एक कारण होतं असं लिहिलंय ना वर, ते लिहिल्याशिवाय हे पत्र पाठवलं तर मीही पेन्सिलवालीच.

बँजोला कोल्ह्यांनी मारलं नाही.

जानेवारीतली ती सकाळ होती, नुकतं फटफटत होतं. गाभण मेंढ्यांच्या वाड्यापाशी दोन कोल्हे आले. बँजोनं कुंपणावरून उडी घेतली. एक कोल्हा पळाला, दुसऱ्याशी त्याची जुंपली. मी बाबांचं पिस्तूल घेऊन पोचले तेव्हा दोघं सुटे झाले होते, बँजो डावीकडे, कोल्हा उजवीकडे, मध्ये हातभर जागा. बारा पावलांवर. क्लबातल्यापेक्षा तीन पावलं जवळच. मी घाबरले नव्हते, डेल. त्या शरदातच शेवटचे चौऱ्याण्णव पडले होते, मग घाबरायचं कशाला? नंतर गुण घसरले होते ते मी पिस्तुलाच्या माथी मारले होते आणि तरी हातात तेच पिस्तूल होतं, एवढी माझी अक्कल. नीट नेम धरला, चाप ओढला आणि बँजो बसला. जसा तू 'बस' म्हटल्यावर बसायचा तसा. कोल्हा निघून गेला.

तो माझ्याकडेच बघत होता. त्याला कळलं नव्हतं कुठून काय झालं. मी जाऊन त्याचं डोकं मांडीवर घेतलं, पाच-सात मिनिटं होता. तुझं नाव घेऊन सांगितलं त्याला, डेल येतोय, डेल येतोय. शेवटचं बोलले तेही खोटंच.

जमीन दगड झाली होती. दोन दिवस लाकडं पेटवून माती सैल केली, तेव्हा कुठे कुदळ शिरली. तुला लिहिलं की कोल्ह्यांनी फाडला. तू फोनवर रडलास, आणि वर मलाच म्हणालास, "ताई, तू एकटी होतीस, तू काय करणार होतीस?" तेव्हा सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. मला वाटलं पिस्तुलाचा दोष आहे, एकदा नवं घेतलं, त्याची परीक्षा झाली, की सांगीन, की बघ, बाबांच्या पिस्तुलानं घात केला. पिस्तुलावर ढकलायला मी तयार बसले होते.

मला माझा खरा नेम माहीत असता तर मी ती गोळी झाडलीच नसती. ओरडले असते, बादली बडवली असती, हवेत बार काढला असता. कोल्हे एवढ्यानं पळतात, लहान मुलालाही ठाऊक आहे. म्हणून तुझा कुत्रा मी मारला हे खरं, आणि त्यात तू नव्हतास हे मात्र मला म्हणवत नाही. किती प्रयत्न केला तरी म्हणवत नाही.

जे ठरवलंय ते सांगते. नवं पिस्तूल काल ऑगीला नेऊन दिलं. तो म्हणाला, "ठेव गं, घरात असावं." मी म्हटलं, डावा डोळा शिकला तर येईन परत, आणि तेव्हा कागद तू मोजायचा. वर्ग मार्लिस घेणार. शनिवारी मी जाणार आहे, पण सहा जणींसमोर उभी राहून माझे खरे गुण सांगायला. आधीच्या एकतीस जणींनाही पत्रं टाकते आहे. बँजोचंही लिहिणार आहे. लाज वाटतेय, पण त्यांच्यातल्या दोघीतिघी माझ्यासारख्याच एकट्या राहतात आणि त्यांच्याकडेही कुत्री आहेत.

मार्लिसनं विचारलं, "डेलला क्लबात येऊ द्यायचं का?" मी म्हटलं, ते क्लबानं ठरवावं. माझ्या दारात मात्र ये. एप्रिलमध्ये ट्रेलर नेहमीच्या जागी लाव, कॅरलीनला काही कळू द्यायचं की नाही ते तू बघ. जेवायला वाढीन. हसून बोलेन की नाही ते आत्ता सांगता येत नाही.

एकच विचारायचंय, आणि उत्तर फोनवर नको.

नोव्हेंबरातला तुझा शेवटचा गुरुवार आठव. क्लबाबाहेर गाडी भरून उभी होती. बँजो पुढच्या सीटवर बसला होता, तिकडच्या वस्तीत मोठं कुत्रं चालत नाही म्हणून त्याला माझ्याकडे ठेवून जायचं होतं. कॅरलीन म्हणाली, "इकडे हिवाळ्यात कोल्हे उतरतात ना?" आणि तू माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणालास, "ताईसारखी नेमबाज असताना मला कसली काळजी?" दहा मिनिटांपूर्वीच तू माझा कागद मोजला होतास. मी तो काल पुन्हा पाहिला. त्याच्यात पाच भोकं तुझी आहेत.

हे बोललास तेव्हा तू खोटं बोलत होतास का? मला बरं वाटावं म्हणून तू तुझा कुत्रा पणाला लावलास का? की तीन वर्षांत तुझ्याच भोकांवर तुझा विश्वास बसला होता, आणि तू खरंच निर्धास्त होऊन गेलास? पहिलं असेल तर मी तुला ओळखत नाही. दुसरं असेल तर आपण दोघंही एकाच खड्ड्यात पडलो, आणि मग मला निदान तुझ्या शेजारी बसून रडता येईल.

विचार करून लिही. सोयीचं ते लिहू नकोस. तू जे लिहिशील ते मी खरं मानणार आहे, कारण रॉय गेल्यापासून मला विश्वास ठेवायला तुझ्याशिवाय कुणी नाही, आणि हे तुला आधीपासून ठाऊक होतं.

लॉर्ना